कापसाचा भाव आणि उत्पादनखर्च : वऱ्हाड-मराठवाड्याच्या बाजाराचा इतिहास

हिमायतनगर हे नाव दोन ठिकाणांचे आहे. एक हिमायतनगर हैदराबाद शहरात आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते. दुसरे हिमायतनगर नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगत आहे. त्याचे जुने नाव वाढोणा. पहिले दुकानांचे, कचेऱ्यांचे आणि नोकरदारांचे, तर दुसरे काळ्या जमिनीचे आणि कापसाचे. १९३४ साली वरंगळ येथे निघालेली कापडगिरणीही त्याच शाहजाद्याच्या नावाने ‘आझमजाही मिल’ म्हणून प्रसिद्ध होती. कापूस पिकविणारे गाव, तो विणणारी गिरणी आणि कापड विकत घेणारे शहर अशी ही साखळी आहे. या साखळीत कापसाची किंमत नेमकी कोण ठरवितो आणि ती पिकविणाऱ्याच्या खर्चाशी कितपत जुळते, हा प्रश्न निजामाच्या राजवटीत उपस्थित झाला, संस्थान विलीन झाल्यावरही टिकला आणि आजही मिटलेला नाही.

अर्थशास्त्राला या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे. ते उत्तर चुकीचे नाही. परंतु ते ज्या अटींवर उभे आहे, त्यांपैकी शेतकऱ्याने पाळावयाच्या तेवढ्या पाळल्या गेल्या आणि इतरांनी पाळावयाच्या बहुतेक अपुऱ्याच राहिल्या. वऱ्हाड-मराठवाड्यातील कापसाच्या बाजाराचा इतिहास हा मुख्यतः या अपुऱ्या अटी पुऱ्या करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

पाठ्यपुस्तकातील बाजार

ॲल्फ्रेड मार्शल यांचा अर्थशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ १८९० साली प्रकाशित झाला. त्यातील विवेचनावर पुढील पिढ्यांनी ‘पूर्ण स्पर्धे’चे चित्र रेखीव केले. या चित्रात विकणारे असंख्य, घेणारेही असंख्य. माल एकाच जातीचा. बाजारभावाचे ज्ञान सर्वांना सारखे. आणि धंद्यात येण्यास वा त्यातून बाहेर पडण्यास कोणाचीही आडकाठी नाही. अशा बाजारात एकटा उत्पादक भाव ठरवू शकत नाही. जो भाव चालू असेल तो त्याने स्वीकारावयाचा आणि त्या भावात किती माल काढणे परवडते एवढेच ठरवावयाचे. आणखी एक नग काढण्यास जो जादा खर्च येतो त्यास सीमान्त खर्च म्हणतात. हा खर्च भावाइतका होईपर्यंत तो उत्पादन वाढवितो आणि तेथे थांबतो.

ही झाली अल्पकाळाची गोष्ट. दीर्घकाळात भाव खर्चाहून चढा राहिला तर नवे उत्पादक धंद्यात शिरतात, पुरवठा वाढतो आणि भाव उतरतो. भाव खर्चाहून खाली राहिला तर ज्यांना परवडत नाही ते बाहेर पडतात, पुरवठा आटतो आणि भाव सावरतो. शेवटी भाव सरासरी खर्चाच्या नीचतम पातळीवर येऊन स्थिरावतो. उधळ्या उत्पादक गळतो, काटकसरी टिकतो आणि ग्राहकास माल शक्य तितक्या कमी खर्चात मिळतो. बाजाराची कार्यक्षमता म्हणतात ती हीच. या चित्राच्या सर्वांत जवळचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत बहुधा शेतमालाचाच दाखला असतो, आणि तो वरवर पाहता रास्तही आहे. कारण कापूस पिकविणाऱ्या लक्षावधी शेतकऱ्यांपैकी एकानेही आपला माल रोखून धरला तर भावात पैचाही फरक पडत नाही.

कारंजा ते हैदराबाद

आता प्रत्यक्षाकडे वळावे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत चाले. कोठी भागातील ज्या भव्य वास्तूत पुढे महिला महाविद्यालय भरले, तीच ही रेसिडेन्सी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्यामुळे वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मोल आले. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला. खामगाव, अमरावती, अकोला, कारंजा ही गावे कापसाच्या पेठा म्हणून नावारूपास आली आणि वऱ्हाडातील बोंडाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधला गेला.

विकणारे असंख्य ही अट वऱ्हाडात पूर्णपणे पाळली गेली. घेणाऱ्यांची स्थिती निराळी होती. पेठेत मोजके खरेदीदार, त्यांचे दलाल आणि अडते. सौदा हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी होई. आपल्या मालास कोणी किती बोली लावली हे ज्याचा माल त्यालाच कळत नसे. भाव ठरल्यावर अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी कपातींची माळ सुरू होई. वजनेमापे गावोगावी वेगळी. त्यातच पुष्कळ शेतकऱ्यांनी पेरणीच्या वेळी सावकाराकडून किंवा अडत्याकडून रक्कम उचललेली असे, आणि त्यामुळे माल कोणास विकावयाचा हे बोंड फुटण्यापूर्वीच ठरून गेलेले असे. एकाच मालास सर्वत्र एकच भाव आणि तो सर्वांस ठाऊक, ही पूर्ण स्पर्धेची अट अशा पेठेत कशी साधावी?

या प्रश्नाची सरकारी दखल प्रथम हैदराबादच्या रेसिडेन्सीने घेतली. रेसिडेंटाच्या हुकमाने १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. ठरावीक जागी बाजार, त्यावर देखरेख करणारी समिती आणि दलाल व तोलणारे यांना परवाने, अशी त्याची रचना होती. या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला, हा त्यातील दोष. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्याशी झालेल्या कराराने निजाम मीर महबूब अली खान यांनी वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने दिला आणि त्याचा कारभार मध्य प्रांताकडे गेला; बाजाराचा कायदा मात्र टिकून राहिला.

मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा केला आणि बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना स्थान दिले. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांचा सर्वत्र विस्तार करण्याची शिफारस केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, म्हणजे फसली १३३९ मध्ये, निजाम सरकारने स्वतःचा शेतमाल बाजार कायदा संमत केला. तोपर्यंत मनमाड-हैदराबाद लोहमार्गाने औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे जोडली गेली होती आणि मराठवाड्याचा ‘गावरानी’ कापूस सरकी काढून, गासड्या बांधून सर्वदूर जाऊ लागला होता. अशा रीतीने जी कल्पना रेसिडेन्सीने वऱ्हाडात आधी राबविली, ती चव्वेचाळीस वर्षांनी खुद्द संस्थानात कायद्याच्या रूपाने आली.

या सर्व कायद्यांचा गाभा एकच होता. भाव काय असावा हे त्यांत कोठेही सांगितलेले नव्हते. भाव उघडपणे ठरावा, माप खरे असावे आणि कपाती ठरलेल्या असाव्यात एवढाच त्यांचा आग्रह होता. म्हणजेच पूर्ण स्पर्धा आपोआप अवतरत नाही, ती कायद्याने व देखरेखीने घडवावी लागते, हे राज्यकर्त्यांनी मान्य केले होते. परंतु भाव प्रामाणिकपणे ठरला तरी तो खर्च भरून काढील असे नव्हे, ही त्यापुढची अडचण होती.

वेचणीचा हिशेब

ही अडचण समजण्यासाठी एका कल्पित एकराचा हिशेब मांडता येईल. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. एका एकरात पाच क्विंटल कापूस आला. नांगरट, बियाणे, खत, निंदणी, फवारणी आणि घरच्या माणसांची मजुरी मिळून वेचणीपूर्वी २४ हजार रुपये खर्च झाले. वेचणी व वाहतूक यांस क्विंटलला १,२०० रुपये, म्हणजे एकूण ६ हजार. एकंदर खर्च ३० हजार, क्विंटलला ६ हजार. बाजारात भाव निघाला ४,५०० रुपये. क्विंटलमागे दीड हजारांचा तोटा आहे; मग शेतकऱ्याने कापूस झाडावरच सोडावा काय? तसे केले तर २४ हजार बुडाले. वेचून विकला तर २२,५०० रुपये हाती येतात आणि तोटा साडेसात हजारांवर राहतो. तेव्हा वेचणे हेच शहाणपणाचे. पीक उभे राहिल्यावर फक्त वेचणी व वाहतुकीचा खर्च टाळण्याजोगा उरतो, आणि भाव त्याहून वर असेतो माल बाजारात येतच राहतो.

अर्थशास्त्र हे नाकारीत नाही. उलट अल्पकाळात असेच होईल असे तेच सांगते. कारखानदारालाही मंदीत बदलता खर्च निघाला की यंत्रे चालू ठेवावी लागतात. फरक आहे तो प्रमाणात. कारखान्यात कच्चा माल व मजुरी हा खर्च महिन्यामहिन्याला थांबविता येतो. कापसात मृगापासून दसऱ्यापर्यंतचा सारा खर्च आधीच जमिनीत गेलेला असतो आणि भाव कळतो तो शेवटी. त्यामुळे खर्चाखालच्या भावाने पुरवठा लगेच आटत नाही.

बाहेर कोठे पडावयाचे?

दीर्घकाळात तरी परवडत नाही त्याने धंदा सोडावा आणि भाव सावरावा, हा सिद्धान्ताचा पुढचा भाग. १९२९ नंतरच्या जागतिक महामंदीत याची परीक्षा झाली. गार्डिनर मीन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३५ साली एक तुलना प्रसिद्ध केली. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेत शेतीच्या अवजारांच्या किमती अवघ्या ६ टक्क्यांनी उतरल्या, पण त्यांचे उत्पादन ८० टक्क्यांनी घटले. शेतमालाच्या किमती ६३ टक्क्यांनी कोसळल्या आणि उत्पादन मात्र ६ टक्केच घटले. मोजके कारखानदार माल रोखून भाव टिकवू शकले. असंख्य शेतकरी भाव स्वीकारून पिकवीत राहिले. एकाच देशात, एकाच मंदीत, बाजाराच्या दोन प्रकारांनी दोन निराळे परिणाम घडविले.

हिंदुस्थानातही कापसाचा भाव त्या वर्षांत फार खाली आला. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रोख आकड्यांत ठरलेले होते. ते भावाबरोबर उतरले नाही. निजाम संस्थानात १९२९-३० साली अर्थशास्त्रज्ञ एस. केशव अय्यंगार यांनी निवडक खेड्यांची आर्थिक पाहणी केली. ग्रामीण कर्ज हा त्या पाहणीतील एक प्रमुख विषय होता. कर्जबाजारी शेतकऱ्याने भाव पडला म्हणून कमी पेरावे असे शास्त्र म्हणेल. पण हप्ता तेवढाच आणि भाव निम्मा असेल तर त्याला रोख पैशासाठी अधिकच माल विकावा लागतो.

यापेक्षाही मूलभूत गोष्ट अशी की, कोरडवाहू गावात शेतकऱ्याच्या श्रमाला दुसरा गिऱ्हाईक नसतो. कारखानदार भांडवल काढून दुसरीकडे घालतो. शेतकरी स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडतो आणि शेतीतच राहतो. त्याने सोडलेली मजुरी खर्चात धरली जात नाही, म्हणून त्याचा माल स्वस्त दिसतो. सिद्धान्तात ज्याला कार्यक्षमता म्हटले आहे, तिचा काही भाग प्रत्यक्षात अशा न मोजलेल्या श्रमाचा असतो.

सुधारणेचे फळ कोणाला?

उत्पादनखर्च कमी करणे हा उपाय अर्थातच सुचविला जातो आणि शेतकऱ्यांनी तो मनापासून अवलंबिलाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात काढलेले एनएचएच-४४ हे संकरित वाण कोरडवाहू जमिनीत फार लोकप्रिय झाले. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली आणि देशातील रुईचे हेक्टरी उत्पादन सुमारे ३०० किलोवरून २००७-०८ पर्यंत सुमारे ५५० किलोवर गेले. पुढे ते तेथे टिकले नाही.

जो शेतकरी नवे वाण प्रथम लावतो त्याला पहिली एकदोन वर्षे फायदा होतो, कारण त्याचा खर्च उतरलेला असतो आणि भाव जुनाच असतो. शेजारी त्याचे अनुकरण करतात, एकूण माल वाढतो, भाव उतरतो आणि लाभ ग्राहकाकडे जातो. जो मागे राहिला त्याच्या वाट्यास मात्र जुना खर्च व नवा भाव येतो. अमेरिकेतील विलार्ड कॉक्रेन यांनी १९५८ साली या प्रक्रियेस जागच्या जागी फिरणाऱ्या पट्ट्यावरील चालण्याची उपमा दिली. पूर्ण स्पर्धेचे हे अपयश नव्हे, उलट तिचे यश आहे. शहरातील हिमायतनगरात कापड स्वस्त मिळते ते त्यामुळेच. पण पिकविणाऱ्याने केवळ खर्च कमी करून सुखी व्हावे असा सल्ला जेव्हा दिला जातो, तेव्हा या यशाची दुसरी बाजू नजरेआड होते.

शिवाय ही शर्यत सर्वांसाठी सारखी नाही. अमेरिकी सरकार तेथील कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने देत असे. ब्राझीलने २००२ साली त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि अखेर २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. ज्याचा खर्च सरकारी तिजोरी भरते, त्याच्याशी कोरडवाहू शेतकऱ्याची स्पर्धा होत असेल, तर जो टिकला तो अधिक कार्यक्षम असे म्हणता येत नाही.

मक्तेदारी, हमी आणि खर्चाची व्याख्या

बाजार सुधारून भागत नाही असे वाटल्यावर महाराष्ट्र शासनाने बाजारच बाजूला सारण्याचा प्रयोग केला. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी व्यापाऱ्यास बंदी, सर्व कापूस सहकारी पणन महासंघाने घ्यावयाचा, आधी हमी भाव द्यावयाचा आणि विक्रीतून अधिक आले तर पुढे वाटावयाचे. वाईट वर्षांसाठी चढउतार निधीचीही तरतूद होती. रुमालाखालचे सौदे गेले आणि भाव आधी कळू लागला, हा त्याचा मोठा लाभ. परंतु खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीचे वाद आणि उशिरा मिळणारे पैसे हेही वाट्यास आले. आणि राज्याची सीमा बाजाराला ठाऊक नसते. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की नांदेड-यवतमाळकडील कापूस चोरवाटांनी आदिलाबादकडे जाई. महाराष्ट्रातील भाव चढा असला की तिकडचा इकडे येई. म्हणजे चढ्या भावाच्या वर्षी महासंघास माल कमी आणि पडत्या भावाच्या वर्षी माल अमाप. तोटा साचत गेला आणि २००२ मध्ये ही मक्तेदारी संपुष्टात आली.

याच काळात भावाच्या प्रश्नाला राजकीय धार आली. १९७९ च्या सुमारास चाकण येथे शरद जोशी यांनी शेतकरी संघटना उभी केली. उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव हीच तिची मागणी. जोशी यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी अनुदान मागितले नाही. निर्यातबंदी व सक्तीची वसुली यांनी सरकारच भाव पाडते, ते थांबवावे असा त्यांचा आग्रह होता. भाव स्पर्धेने पडत असेल तर तो एक प्रश्न, आणि धोरणाने पाडला जात असेल तर तो दुसरा, हा भेद त्यांनी सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचविला.

केंद्र सरकारने १९६५ साली कृषिमूल्य आयोग नेमला होता. तो आधारभूत किमती सुचवितो आणि त्यासाठी खर्चाच्या निरनिराळ्या व्याख्या वापरतो. प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात घरच्या श्रमाचे मोल, आणि त्यातही स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज अशा त्या चढत्या पायऱ्या आहेत. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाचे तत्त्व मान्य झाले. हिशेबात मात्र दुसरी पायरी धरली जाते, तिसरी नव्हे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये अशी आधारभूत किंमत जाहीर झाली.

तिसऱ्या पायरीविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली दाखविले की जमिनीचा खंड हा धान्याच्या भावाचे कारण नसून परिणाम असतो. भाव वाढला की खंड वाढतो. खंड खर्चात धरला की खर्च वाढतो. आणि खर्चावर भाव ठरविला की तो पुन्हा वाढतो. घरच्या श्रमाला हा आक्षेप लागू होत नाही. ते मोजलेच पाहिजेत. दुसरी अडचण सरासरीची. आयोगाची किंमत देशाच्या सरासरी खर्चाकडे पाहून ठरते. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतात एकरी उतारा कमी, म्हणून क्विंटलमागे खर्च अधिक. सरासरी भावाने सर्वाधिक नड असलेल्याचीच नड उरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वरंगळ परिसरात आणि त्यानंतर विदर्भ-मराठवाड्यात कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देश हादरला, तेव्हा या उरलेल्या नडीचे स्वरूप सर्वांस दिसले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. कारंज्याच्या बाजारापासून २०१६ साली सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय संगणकीय बाजारापर्यंत, घेणाऱ्यांमध्ये खरी स्पर्धा घडवून आणण्याचा जो जो प्रयत्न झाला त्याने शेतकऱ्याचा लाभच झाला. त्या मार्गावर अजून पुष्कळ चालावयाचे आहे. बाजार मोडून काढण्याचा प्रयत्न सीमेपलीकडच्या भावापुढे टिकला नाही. परंतु बाजार कितीही निर्दोष केला तरी भाव खर्चाशी जुळण्यासाठी न परवडणाऱ्याला शेतीतून बाहेर पडण्याची वाट हवी. ती वाट म्हणजे गावाजवळ दुसरे काम, मुलांना शिक्षण, आणि वाईट वर्षात जमीन न विकता तग धरण्यापुरते कर्ज व विमा. हैदराबादेतील अनेक मराठी कुटुंबांचे पूर्वज मराठवाड्यातून नोकरी-व्यवसायासाठी येथे आले, तेव्हा शिक्षणाने त्यांना ही वाट मिळाली होती. नांदेडकडील हिमायतनगरात जे राहिले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती मिळाली. अर्थशास्त्राच्या ग्रंथांतील ‘दीर्घकाळ’ त्यांच्यासाठी अद्याप उगवावयाचा आहे.